पद्मिनीचे ब्रेक गरम झाले की जाम, थंड झाले की मोकळे: घरच्या घरी दोष कसा शोधायचा

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. घरून निघताना गाडी एकदम छान, इंदूरच्या राजवाडा-जवाहर मार्गाच्या गर्दीतून निघून पलासियापर्यंत येता येता जड वाटायला लागते, सेकंडमधे ओढत नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुढे गडगडत जायच्या ऐवजी जागीच बसते, ब्रेकचं पेडल वर आलेलं आणि कडक, उतरून बघावं तर एखाद्या चाकापाशी करपल्याचा वास. मग बाजूला लावायची, चहा प्यायचा, अर्ध्या-पाऊण तासाने गाडी परत मोकळी. मेकॅनिककडे नेली तर तिथे पोचेपर्यंत ती थंड झालेली असते, तो जॅकवर घेतो, चाक फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "कुछ नहीं है भाईसाब, बढ़िया घूम रहा है." नाहीतर व्हील सिलिंडरचं (चाकात ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचं) रबरांचं किट बदलून देतो, थोडे दिवस बरं वाटतं, परत पहिले पाढे पंचावन्न.

आमच्याकडे बाबांच्या वेळची फियाट, म्हणजे पद्मिनी आहे, घरातल्यांनी सांभाळलेली, आणि इंदूरात अशा गाड्या ठेवलेली अजून बरीच मराठी घरं आहेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, पार्ट बदलायच्या आधी प्रेशर कुठे अडकलंय ते शोधा, आणि ते गाडी गरम आणि जाम असतानाच शोधा. थंड गाडी या बाबतीत तुम्हाला काहीही सांगणार नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. फियाटची ११०० डी इटलीत १९६२ ला आली, आपल्याकडे १९६४ पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली, पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीत तिच्यामागून १९६६ ला आलेल्या ११०० आर ला पुढे डिस्क मिळाल्या, आपल्याकडच्या बहुतेक पद्मिनी मात्र शेवटपर्यंत चारही चाकांना ड्रमवरच राहिल्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन शू दाबून ब्रेक लागतो. आणि सर्किट एकच. म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या एका मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना ब्रेकचं ऑइल, त्यात कुठेही एका जागी गळती झाली की चारही ब्रेक गेले. म्हणून हे काम घरी करायचं असेल तर शांतपणे करा, आणि करून झाल्यावर जरा जरी शंका वाटली तर गाडी गेटबाहेर काढू नका.

आता जाम का होतात ते बघू. पेडल सोडल्यावर ऑइलने चाकांकडून मास्टरकडे परत यायला हवं. मास्टर सिलिंडरमधे पिस्टन पूर्ण मागे आला की त्याच्या रबरी वॉशरच्या अगदी पुढे एक बारीक भोक उघडं पडतं, एक मिलीमीटरहूनही बारीक, त्यातून लाइनमधलं जास्तीचं ऑइल वरच्या, ऑइल भरायच्या डब्यात जातं. ब्रेक वापरले की ऑइल तापतं, तापलं की फुगतं, फुगलेल्याला त्या भोकातून वाट मिळते. ही वाट बंद असेल तर ते फुगलेलं ऑइल स्वतःच शू ड्रमवर दाबायला लागतं, तुमचा पाय पेडलवर नसतानासुद्धा. शू घासले की अजून गरम, अजून गरम की अजून दाब. थंड झालं की ऑइल आकसतं आणि सगळं सुटतं. गॅरेजमधे दोष सापडत नाही तो यामुळे.

हे नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे. डॉट ३ ऑइल (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलेलं ऑइल १४० अंशालाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तुम्ही ओंकारेश्वरला निघालात, सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताय आणि ब्रेक आधीच घासतायत, तर आधी गाडी जड वाटेल, मग एका वळणावर पेडल सरळ खाली जाईल, कारण ऑइलची वाफ झाली. जाम ब्रेक आणि फेल ब्रेक हे एकाच आजाराचे दोन टप्पे असू शकतात, त्यामुळे "थोडं घासतंय, चालतंय" म्हणून घाटात जायचं नाही म्हणजे नाही.

तर शोध असा घ्या. गाडी जाम व्हायला लागली की सपाट, सुरक्षित जागी थांबवा, शक्यतो आपल्याच कॉलनीत फेऱ्या मारून तिथेच जाम होऊ द्या, म्हणजे पाने-जॅक हाताशी असतात. आधी कुठलं चाक गरम आहे ते बघा. ड्रमला हात लावायचा नाही, तळहाताची मागची बाजू जवळ नेली तरी फरक कळतो. तापमानाची गन वापरणार असाल तर कारखान्यात वापरतात ती घ्या, कोविडमधे कपाळाला लावायची घेतलेली इथे कामाची नाही. आणि गरम ड्रमवर पाणी ओतू नका, लोक सर्रास ओततात, बिडाचा ड्रम तडकतो किंवा वाकडा होतो.

कुठलं चाक गरम यावरूनच अर्धं काम होतं. चारही गरम असतील तर दोष मास्टर सिलिंडर किंवा त्याच्या पुशरॉडपाशी, म्हणजे पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्यापाशी. मागची दोन्हीच गरम असतील तर मागच्या एक्सलकडे जाणारा एकुलता एक रबरी होज पाइप. पुढचं एकच गरम असेल तर त्या चाकाचा होज, नाहीतर त्याच चाकाचा सिलिंडर किंवा शू. गरमी ड्रमच्या कडेपेक्षा मधे हबपाशी जास्त असेल तर ब्रेक सोडा, बेअरिंग घट्ट आहे का बघा.

मग जाम असतानाच गाडीला दगड लावा, जाम चाक जॅकवर घ्या आणि खाली घोडी (पक्का स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. हाताने चाक फिरवून बघा, फिरत नाहीये ना, ठीक. आता मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचं युनियन (जोडाचं नट) थोडं ढिलं करा, खाली जुनं फडकं धरून. ऑइल पिचकारीने येईल, डोळ्यांना चष्मा हवा, आणि ते रंगावर पडू देऊ नका, रंग फुगवून सोलून काढतं. आता चाक फिरलं, तर दोष मास्टरकडे. नाही फिरलं तर युनियन घट्ट करून त्या चाकाचं हवा काढायचं निप्पल अर्धा आटा उघडा. निप्पलवर ऑइल सुटून चाक मोकळं झालं, तर मधला होज दोषी, कारण प्रेशर त्याच्या पलीकडे अडकलं होतं. निप्पल उघडूनही चाक तसंच, तर प्रेशरचा प्रश्नच नाही, आत काहीतरी अडकलंय, पिस्टन गंजलाय, स्प्रिंग तुटलीय, शू बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) खाच पाडून बसलाय नाहीतर ॲडजस्टमेंटच जास्त घट्ट आहे. क्रम उलटा करू नका, आधी निप्पल उघडलं तर प्रेशर निघून जातं आणि मास्टर की होज ते कळत नाही.

एक बारकी गोष्ट. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमधे तोंडाशी एक छोटा व्हॉल्व असतो, तो लाइनमधे मुद्दाम थोडं प्रेशर राखतो, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं भिंतीला टेकून राहतात. त्यामुळे निप्पल उघडल्यावर थोडंसं ऑइल येणं हा दोष नाही. चाक मोकळं झालं की नाही हेच बघायचं.

मास्टरकडे दोष निघाला तर लगेच मास्टर बदलू नका. आधी पेडल हाताने, बोटाने दाबा. सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी, पुशरॉड आणि पिस्टनमधे अर्धा-एक मिलीमीटर अंतर असतं ते पेडलवर काही मिलीमीटर जाणवतं. कोणीतरी "पेडल खाली जातंय" म्हणून पुशरॉड लांब करून ठेवलेली असते, पेडल वर आलं, मालक खुश, पण पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते बारीक भोक कायम झाकलेलं राहतं. लॉकनट ढिलं करून रॉड कमी केला की बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात, एक पैसा न खर्चता. पेडलची रिटर्न स्प्रिंग आणि पेडलखाली घातलेली जाड मॅटही बघा, मॅट पेडलला अडते. पेडल खाली जात होतं त्याचं खरं कारण बहुतेक वेळा शूची ॲडजस्टमेंट असते, ती चाकांकडे करायची, रॉडवर नाही.

मोकळी चाल बरोबर असूनही मास्टर धरतोय तर मग आतली रबरं फुगली आहेत, आणि इथेच ती वारंवार परत येण्याची गोम आहे. ब्रेकचं ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि त्याची रबरं वेगळ्या जातीची. त्या रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. आपल्याकडे सिलिंडर उघडला की पहिलं काम काय, पेट्रोलच्या डब्यात बुचकळून ब्रशने साफ. किंवा डबा कमी दिसला म्हणून हाताशी होतं ते ऑइल टाकलं. मग नवं किट घातलं तरी पाइपमधे, होजमधे ते तेल राहिलेलंच असतं, थोड्या दिवसांत नवी रबरंही फुगतात. मेकॅनिक म्हणतो किट डुप्लिकेट निघालं, तुम्ही दुसऱ्या दुकानातून आणता, तेही "डुप्लिकेट" निघतं.

याची तपासणी सोपी आहे. डब्यातून सिरिंजने थोडं ऑइल काढून काचेच्या ग्लासात पाण्यात टाका आणि ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर त्यात दुसरं तेल आहे. डब्याच्या झाकणातलं रबरही बघा, ते सैल, लांबलेलं, परत जागेवर न बसणारं झालं असेल तर तोच पुरावा. मग अर्धवट काम करायचं नाही. मास्टरची, चारही व्हील सिलिंडरची सगळी रबरं आणि तिन्ही होज नवे, लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन हवा मारून कोरडे, आणि सगळीकडे नवं ऑइल. खर्च एकदाच होतो. जुन्या फियाटच्या मॅन्युअलमधे निळ्या लेबलचं ऑइल लिहिलेलं असतं, ते शोधत फिरू नका, आज चांगलं सीलबंद डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं, ते वेगळं, यात मिसळायचं नाही. दुकानात "ब्रेक ऑइल" एवढंच न म्हणता डब्यावरचा डॉट नंबर वाचून घ्या, आणि अर्धा वापरलेला डबा वर्षभर माळ्यावर ठेवून परत वापरू नका.

होजबद्दल मला जास्त लिहायचंय कारण त्यावर संशयच घेतला जात नाही. बाहेरून काळा, गुळगुळीत, तडा नाही, गळत नाही, मग त्याला काय झालंय. आमच्या गाडीचा पुढच्या डाव्या चाकाचा होज असाच दिसत होता. निप्पल उघडल्यावर चाक सुटलं म्हणून काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतली नळी फुगून वाट जवळपास बंद झाली होती आणि एका टोकाला रबराचा पापुद्रा सुटून लोंबत होता. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जायचं, पापुद्रा बाजूला व्हायचा, पण परत येताना शूच्या स्प्रिंगचा जोर तेवढा नसतो, पापुद्रा तोंडावर बसायचा आणि प्रेशर आतच. तोंडाने फुंकून बघितलं तर एका बाजूने कशीबशी हवा जाते, दुसऱ्या बाजूने नाही. त्याच चाकाचा सिलिंडर याआधी बदलून झालेला, शू नवे, ड्रम लेथवर घासलेला, आणि खरा दोष वीतभर रबरात.

होज घेताना एकच सांगतो, "ओरिजिनल, जुना स्टॉक, पॅक" याला भुलू नका. सियागंज-ग्वालटोलीकडच्या दुकानांत शोधलं तर कंपनीच्या जुन्या पुडक्यातले पार्ट कधी कधी मिळतात आणि ते हातात घेऊन आनंदही होतो, पण पद्मिनी बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली, म्हणजे ते रबर पुडक्यातच म्हातारं झालंय. लोखंडाचा पार्ट जुना स्टॉक जरूर घ्या, रबराचा नको. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, आता हे पार्ट अजून कमी होत जाणार असं मला वाटतं, तेव्हा जुना होज नमुना म्हणून जपून ठेवा. आट्यांचं माप जुळवून हायड्रॉलिक होजवाले नवा बनवून देतात, फक्त ब्रेक ऑइलसाठीचाच पाइप आहे हे दोनदा विचारा, आणि नुसती क्लिप लावून दिलेला घेऊ नका, टोकं प्रेस केलेली हवीत. पुढचे दोन्ही एकदमच बदला.

तिसरा प्रकार, म्हणजे निप्पल उघडूनही चाक सुटत नाही, त्यात ड्रम काढावाच लागतो. आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसर तर मुळीच नाही, जुन्या लायनरमधे (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून फेका. सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा, मागे ओल असेल तर गळतोय. पिस्टन बाहेर काढून भिंतीवरून नख फिरवा, बारीक डाग चारशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने जातात, पण नख अडकेल असा खड्डा असेल तर घासत बसू नका, नवा सिलिंडर किंवा लेथवाल्याकडून आत नवी नळी (स्लीव) बसवून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी उभी राहिली की हे हमखास होतं, कारण ऑइलने ओढून घेतलेल्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो. दोन वर्षांतून एकदा सगळं ऑइल बदललं तर यातलं बरंच टळतं. पिस्टन बसवताना ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीसच लावायचं, आणि वॉशरची खोलगट बाजू ऑइलकडे. ऑइलने भिजलेले लायनर जाळून किंवा पेट्रोलने धुऊन परत बसवतात, ते करू नका, त्या चाकाची पकड परत येत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. एका बाजूचे शू बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदला.

शेवटी हवा काढणं. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, मग जवळ येत जायचं. निप्पलला रिंग पानाच लावा, फिक्स पान्याने कोपरे जातात. पारदर्शक नळी, एका बाटलीत थोडं ऑइल, नळीचं टोक त्यात बुडलेलं. आमच्याकडे पेडलवर काका बसतात, मी खालून "दाबा काका" म्हणतो, ते "दाबलं" म्हणतात, मी निप्पल उघडतो, पेडल खाली गेलं की ते "टेकलं" म्हणतात, मी बंद करतो आणि मगच "सोडा". हे बोलणं रोखठोक ठेवा, निप्पल उघडं असताना पेडल सुटलं की हवा परत आत. पेडल घाईने पंप करायचं नाही, सावकाश, नाहीतर हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि निघता निघत नाहीत. दर थोड्या वेळाने डबा भरत राहा, तो रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. बाटलीत आलेलं ऑइल परत डब्यात टाकू नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

मग शूची ॲडजस्टमेंट. चाक फिरवत फिरवत घट्ट करा, घासायला लागलं की मागे घ्या, मोकळं फिरेपर्यंत. मधे एकदा पेडल जोरात दाबून सोडा म्हणजे शू मधोमध बसतात, आणि परत फिरवून बघा.

ट्रायल लगेच घाटात नाही. आधी उभ्या गाडीत पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा, ते हळूहळू खाली सरकत असेल तर गाडी हलवायची नाही, कुठेतरी गळतंय किंवा मास्टर आत पास करतोय, म्हणजे ऑइल आतल्या रबरावरून मागे निसटतंय. मग पहाटे रिकाम्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, मधे मधे ब्रेक लावत, आणि एका ठरलेल्या जागी न्यूट्रल करून सोडून बघा. सुरुवातीला जिथपर्यंत गेली तिथपर्यंतच गरम झाल्यावरही गेली पाहिजे. घरी येऊन चारही चाकांची गरमी बघा, डावी-उजवी सारखी हवी. दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवून नवा होज टायरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना तेही बघा.

रस्त्यातच जाम झाली आणि सोबत घरचे आहेत तर थंड होऊ देणं हाच सुरक्षित उपाय. जुने ड्रायव्हर मास्टर सिलिंडरचे नट ढिले करून मागे वॉशर घालायचे, त्याने पुशरॉडला मोकळी चाल मिळते आणि ब्रेक सुटतात, पण हे फक्त चारही चाकं धरली असतील तेव्हाच कामाचं आणि घरापर्यंत हळू येण्यापुरतंच. एकच चाक धरलं असेल तर याने काही होत नाही. निप्पल उघडून प्रेशर सोडलंत तर ते घट्ट बंद करा, डबा भरा, पेडल परत कडक लागतंय याची खात्री करा, नाहीतर सरळ टो करून आणा.

कोणाच्या गाडीत हे सगळं करूनही ब्रेक धरत असतील तर विचारताना एवढं नक्की सांगा: कुठलं चाक गरम होतं, युनियन ढिलं केल्यावर सुटलं की निप्पल उघडल्यावर, पेडलची मोकळी चाल किती आहे आणि ग्लासातल्या पाण्यावर तवंग आला का.